दोन कथांची पत्रिका जुळते का?

या वेळच्या वाचकांच्या प्रश्नांत एकच विषय घेतला आहे. सुट्या सुट्या विज्ञानकथा, कादंबऱ्या आणि सिनेमे खरं तर एकाच विश्वात घडतात, असं मांडणाऱ्या फॅन थिअऱ्या. बहुतेकांनी ‘हे खरं आहे का?’ असं विचारलंय. उत्तर देताना आम्ही तीन गोष्टी पाहिल्या: हा सांधा कोणी जोडला, तो कथेच्या आत आहे की बाहेर, आणि जोडल्यावर दोघींपैकी कोणती कथा लंगडी होते.

‘एलियन’ आणि ‘ब्लेड रनर’ एकाच जगात घडतात असं आमच्या हॉस्टेलवर एकजण छातीठोकपणे सांगतो. दोन्ही सिनेमांत एकच स्क्रीन दिसतो, हा त्याचा पुरावा. तो बरोबर आहे का?
— विद्यार्थी, शिवाजीनगर

स्क्रीन खरा आहे, निष्कर्ष घाईचा. ‘एलियन’ १९७९चा, ‘ब्लेड रनर’ १९८२चा, दोन्हींचा दिग्दर्शक रिडली स्कॉट. ‘एलियन’मध्ये यानाच्या पडद्यावर दिसलेली ‘पर्ज’ अशी अक्षरं असलेली आकृती ‘ब्लेड रनर’मध्ये पोलिसांची उडती गाडी वर उचलते तेव्हा डॅशबोर्डवर पुन्हा दिसते. तयार असलेलं ग्राफिक दिग्दर्शकानं परत वापरलं, एवढंच त्यावरून कळतं. हा सेटवरचा पुरावा झाला. कथेतला पुरावा म्हणजे पात्रांना जे दिसतं, ठाऊक असतं आणि ज्याचा त्यांच्यावर परिणाम होतो ते. नाटकाच्या दोन प्रयोगांत एकच खुर्ची दिसली म्हणून दोन्ही घरं एका वाड्यात आहेत असं कोणी म्हणत नाही.

तुमच्या मित्राकडे याहून चांगले पत्ते आहेत, ते त्यानं टाकायला हवेत. ‘एलियन’च्या आधीची गोष्ट सांगणाऱ्या ‘प्रॉमिथियस’च्या (२०१२) डिस्कवरच्या जादा सामग्रीत उद्योगपती वेलंडचं एक टिपण आहे. पिरॅमिडसारख्या इमारतीत बसून कृत्रिम माणसं घडवणाऱ्या आपल्या जुन्या गुरूचा आणि प्रतिस्पर्ध्याचा त्यात उल्लेख येतो. नाव घेतलेलं नाही, पण रोख ‘ब्लेड रनर’च्या टायरेलकडे आहे हे उघड आहे. दुसरा पत्ता ‘सोल्जर’ (१९९८). त्याचे पटकथाकार डेव्हिड वेब पीपल्स हे ‘ब्लेड रनर’चेही एक लेखक. त्यातल्या सैनिकाच्या नोंदपत्रात, ‘ब्लेड रनर’मध्ये ज्याचं नाव येतं त्या ‘टॅनहॉयझर गेट’ची लढाई आहे आणि कचऱ्याच्या ढिगात उडत्या गाडीचा सांगाडाही पडलेला दिसतो.

आता उलटतपासणी. ‘ब्लेड रनर’ नोव्हेंबर २०१९मध्ये घडतो. त्यातल्या रॉय बॅटी या रेप्लिकंटची, म्हणजे कृत्रिम माणसाची, निर्मिती ८ जानेवारी २०१६ची, म्हणजे गोष्टीत त्याचं वय तीन वर्षं दहा महिने. मरताना तो ओरायनच्या खांद्यापाशी जळणारी जहाजं पाहिल्याचं सांगतो. ओरायन म्हणजे आपलं मृग नक्षत्र आणि खांद्याचा तांबूस तारा म्हणजे काक्षी. तो साधारण ५०० ते ७०० प्रकाशवर्षं दूर आहे. कमीत कमी ५०० धरले तरी जाऊन-येऊन १००० प्रकाशवर्षं होतात. ती पावणेचार वर्षांत कापायची तर प्रकाशाच्या अडीचशे पटींहून जास्त वेग लागेल.

‘प्रॉमिथियस’ २०९३मधला. त्यात पृथ्वीपासूनचं अंतर पडद्यावरच लिहून येतं: ३२७ लाख कोटी किलोमीटर. एक प्रकाशवर्ष सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटरचं, म्हणजे हे अंतर ३५च्या आसपास प्रकाशवर्षं झालं. प्रवासाला सव्वादोन वर्षांहून थोडा जास्त वेळ लागतो. वेग निघतो प्रकाशाच्या १४-१५ पट. थोडक्यात, ७४ वर्षांनंतरचं जगातलं सगळ्यांत महागडं यान आधीच्या जहाजांच्या तुलनेत बैलगाडी ठरतं! यातून सुटायचं तर ‘ओरायनचा खांदा’ हे तारा नसून एखाद्या जवळच्या वसाहतीचं नाव आहे असं मानावं लागेल. मानता येतं, पण मग तो थिअरीवाल्यानं कथेवर घातलेला भार झाला, आणि तसं स्पष्ट लिहायला हवं.

एक आक्षेप मात्र टिकत नाही. ‘प्रॉमिथियस’च्या प्रचारासाठी केलेल्या छोट्या फिल्ममध्ये वेलंड २०२३ साली भाषण करतो: आम्ही यंत्रमानव घडवतोय आणि काही वर्षांतच ते माणसापासून वेगळे ओळखू येणार नाहीत. मग २०१९मध्ये माणसागणिक वीस-तीस प्रश्न विचारून रेप्लिकंट कसे शोधत होते, असं लोक विचारतात. पण वेलंडचे यंत्रमानव हे यंत्र आहेत आणि टायरेलचे रेप्लिकंट मांसाचे. दोन वेगळे धंदे, स्पर्धाही त्यातूनच.

आमचं मत: नातं मानलेलं आहे, रक्ताचं नाही. दोन्ही मालिका मुळात वेगवेगळ्या स्टुडिओंच्या, त्यामुळे उघड जोडणी करायची तर हक्कांचा करार लागतो. म्हणूनच सगळं डोळे मिचकावण्यावर भागवलेलं दिसतं.

पिक्सारच्या सिनेमांत ए-११३ हा आकडा आणि पिझ्झा प्लॅनेटची गाडी सगळीकडे दिसते. हा तरी पक्का पुरावा ना?
— इयत्ता आठवी, औंध

नाही. ए-११३ हा कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्समधल्या एका वर्गाचा क्रमांक आहे. तिथे शिकलेले ॲनिमेटर आपल्या वर्गाची आठवण म्हणून तो सिनेमात लपवतात, आणि पिक्सारबाहेरच्या कामांतही तो सापडतो. गाडी ‘टॉय स्टोरी’तली (१९९५), पुढे ती कारागिरांची खूण होऊन बसली. जॉन नेग्रोनी यांनी २०१३मध्ये मांडलेली पिक्सार थिअरी वाचायला मजेदार आहे, पण तिचा जोर माणसं, प्राणी आणि यंत्रं यांच्या बदलत जाणाऱ्या नात्यावर आहे, आकड्यावर नाही. आकडा हवाच असेल तर ‘वॉल-ई’तला घ्या. तिथे ए-११३ हा यानाला पृथ्वीवर परतू न देणारा हुकूम आहे, म्हणजे कथेत तो खरोखर काहीतरी करतो. पण त्या एकाच कथेत.

कॅप्टन निमो हा १८५७च्या उठावातला हिंदुस्थानी राजपुत्र, हे लहानपणी वाचून छाती फुगली होती. आता मूळ दोन्ही कादंबऱ्या इंग्रजीत वाचल्या तर सालं जुळत नाहीत. चूक भाषांतराची की आमची?
— निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ

दोन्ही नाही. चूक निमोचा निर्माता, फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न याचीच आहे आणि ती पुस्तकातच कबूल केलेली आहे. लेखकानंच आपल्या सुट्या गोष्टी नंतर जोडल्या की काय होतं, याचा इतका सुबक नमुना दुसरा नाही. म्हणून जरा थांबून पाहू.

‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ १८६९-७०मध्ये आली. (वीस हजार लीग ही खोली नाही, प्रवासाची लांबी आहे. चार किलोमीटरची एक लीग धरली तर ८०,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला दोन फेऱ्या. अजूनही खोली समजणारे भेटतात.) तिच्यात प्रोफेसर आरोनाक्स नोव्हेंबर १८६७मध्ये निमोच्या ‘नॉटिलस’ पाणबुडीवर येऊन पडतो आणि जून १८६८मध्ये निसटतो. निमो कुठला, हे इथे सांगितलेलंच नाही. व्हर्नच्या मनात तो पोलिश उमराव होता, पण रशियातला खप बुडेल म्हणून प्रकाशक हेत्झेलनं तो बेत मोडला. सिंहलद्वीपाजवळ एका गरीब हिंदुस्थानी पाणबुड्याला मोती देताना निमो म्हणतो की मी दडपलेल्यांच्याच देशातला आहे. पुढे धागा पकडायला एवढी फट पुरली.

‘द मिस्टीरियस आयलंड’ १८७४-७५ची. तिच्यात निमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर. युरोपात शिकून तो १८४९मध्ये परततो, १८५७मध्ये लढतो आणि सगळं गमावून समुद्रात जातो. ऑक्टोबर १८६८मध्ये मरणशय्येवर तो आरोनाक्सला भेटून सोळा वर्षं झाल्याचं सांगतो. १८६८मधून १६ वजा केले की १८५२ येतं. म्हणजे उठावाच्या पाच वर्षं आधी, उठावानंतर बांधलेल्या पाणबुडीत भेट! दुसऱ्या पुस्तकाशी ताडायचीही गरज नाही, एकाच पुस्तकात गाठ बसली. पहिल्या पुस्तकाशी ताडलं तर आणखी वाईट. २१ मार्च १८६८ला निमो दक्षिण ध्रुवावर आपला काळा झेंडा रोवतो, आणि त्याच दिवशी दुसऱ्या पुस्तकानुसार तो प्रशांत महासागरातल्या बेटाच्या गुहेत एकटा, थकलेला म्हातारा आहे.

तिसरी कादंबरीही याच खोड्यात अडकलेली आहे. ‘कॅप्टन ग्रँटची मुलं’ या कथेत गुन्हेगार आयर्टनला मार्च १८६५मध्ये टेबर बेटावर सोडतात. ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये १८६६च्या ऑक्टोबरमध्ये तो सापडतो, तेव्हा म्हणे बारा वर्षं एकटा राहिलेला आहे. तो माणूसपण विसरून रानटी झालेला दाखवायचा होता, आणि दीड वर्षात कोणी तेवढं रानटी होत नाही, म्हणून सालं दहा वर्षं मागे ढकलली. पुस्तकातली तळटीप म्हणते की तारखांत मेळ नाही हे वाचकांच्या लक्षात येईल, खऱ्या तारखा आधी का देता आल्या नाहीत ते पुढे कळेल. सारवासारव म्हणावी तर हीच, पण प्रामाणिक.

थिअरी वाचवायची असेल तर एकच दुरुस्ती बऱ्याच अंशी पुरते. आरोनाक्सनं आपल्या पुस्तकात मुद्दाम खोटी सालं घातली असं धरायचं, तळटीप तेच सुचवते. तरी १८५२ आणि १८५७ची अडचण उरतेच, तिथे ‘सोळा’ हा आकडा चुकला म्हणण्यापलीकडे इलाज नाही. आणि डक्करला बुंदेलखंडचा ठेवून टिपू सुलतानाचा पुतण्याही केलंय, हे वाचून सदाशिव पेठेत कपाळाला आठी पडणारच. टिपू १७९९मध्ये पडला आणि डक्कर जन्मला १८१९च्या सुमारास.

आम्ही चौघं दर महिन्याला एका ग्रंथालयात जमतो. स्वतः एक थिअरी तयार करून पडताळायची आहे. कशी सुरुवात करावी?
— वाचक गट, कोथरूड

दोनच कथा घ्या. दहा नकोत. दोन कथांत तपासायची जोडी एक, चारांत सहा, दहात ४५, वीस कथांत १९०. लोक वीस कथांची थिअरी मांडतात आणि १९०पैकी १९ जोड्या तपासतात. उरलेल्या १७१ मध्येच कुठेतरी ती फुटलेली असते.

ए-३ आकाराचा कागद आडवा घ्या, आप्पा बळवंत चौकात सुटा मिळतो. सहा रकाने आखा: घटना, कथेतलं साल, ते साल कथेत छापलेलं आहे की आपण काढलेलं, कथा प्रथम छापून आल्याचं साल, आवृत्ती आणि पान, घटना जगजाहीर आहे की मोजक्यांनाच माहीत. छापलेलं साल पेननं लिहा, हिशेबानं काढलेलं पेन्सिलनं. हा नियम किरकोळ वाटतो, पण बहुतेक थिअऱ्या इथेच मरतात. पहिल्या महिन्यात ‘बहुधा २०४०’ असं पेन्सिलनं लिहिलेलं तिसऱ्या महिन्यात कोणीतरी पेननं गिरवतं, मग त्यावरून दुसरं साल काढतात आणि त्या दुसऱ्या सालानं पहिलं सिद्ध होतं. गोल गोल फिरणं म्हणतात ते हेच.

आवृत्तीचा रकाना मराठीसाठी जास्त महत्त्वाचा आहे. आपल्याकडची विज्ञानकथा आधी मासिकात किंवा दिवाळी अंकात येते, मग संग्रहात, मग कदाचित लेखकाच्याच हातून इंग्रजीत. दर वेळी एखादं साल, एखादं उपकरण बदलू शकतं. एकानं दिवाळी अंकातलं पान उद्धृत केलं आणि दुसऱ्यानं संग्रहातलं, तर तासभर भांडण होऊन शेवटी दोघंही बरोबर निघतात.

पात्रांसाठी वेगळा कागद करा. १९४१च्या मे महिन्यात ‘अस्टाउंडिंग’ मासिकानं रॉबर्ट हाइनलाइन यांच्या भविष्यकथांचा तक्ता छापला होता. त्यात कथांच्या शेजारी पात्रांच्या आयुष्याच्या उभ्या रेघा होत्या. ती युक्ती आजही सगळ्यांत चांगली. रेघ ओढली की १४० वर्षं जगणारा पोस्टमास्तर लगेच डोळ्यांत भरतो.

चौथ्या माणसाला विरोधी वकील करा, आणि दर महिन्याला तो बदला. त्यानं फक्त मोडायचं. त्याला तीन हत्यारं द्या. पहिलं वेग आणि अंतर. सूर्यानंतरचा सगळ्यांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. एका कथेत तिथे जायला पिढ्या लागतात आणि दुसरीत दुपारी जाऊन संध्याकाळी परत येतात, तर दुसरी कथा नंतरची असायलाच हवी. ती आधीची असेल तर मधल्या काळात विद्या कशी विसरली गेली हे कथेत सापडलं पाहिजे. दुसरं हत्यार जगजाहीर घटना, त्याविषयी पुढच्या उत्तरात. तिसरं म्हणजे कथा लिहिली तेव्हाचं विज्ञान. जुलै १९६५मध्ये मरिनर-४ यानानं मंगळाचे जवळून फोटो पाठवले आणि मंगळावर कालवे आहेत ही कल्पना संपली. त्याआधीची मंगळकथा आणि नंतरची मंगळकथा एका टाइमलाइनवर बसवणं म्हणजे दोन वेगळ्या ग्रहांची मोट बांधणं.

गुण देण्याचा मोह सगळ्यांना होतो. द्या, पण पत्रिकेसारखे. छत्तीसपैकी अठ्ठावीस जुळले आणि आठ गुणांची नाडी एकच निघाली, तर पत्रिका बघणारे स्थळ परत पाठवतात. तसंच इथे सारखी नावं, सारख्या कंपन्या, सारखी शहरं यांचे कितीही गुण मिळाले तरी एका ठोस विसंगतीपुढे ते शून्य. खऱ्या पत्रिकेबद्दल आमचं मत वेगळं आहे, पण ही पद्धत इथे चालते.

जयंत नारळीकरांच्या सगळ्या कथा एकाच विश्वातल्या आहेत आणि ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ हा त्यांना जोडणारा दुवा आहे, असं मला वाटतं. पुणे, मुंबई, शास्त्रज्ञ, संशोधन संस्था सगळीकडे तेच आहेत.
— वाचक, पाषाण

‘तेच’ नाहीत, तशाच आहेत. शास्त्रज्ञानं लिहिलेल्या कथांत शास्त्रज्ञ आणि संस्था येणारच. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, आपली आद्याक्षरं उलटी करून, परीक्षकांना ओळख पटू नये म्हणून. इतकं बेमालूम लपवू शकणाऱ्या लेखकाला कथांमध्ये दुवा पेरायचा असता तर तो त्यानं नेमका पेरला असता. नुसत्या वातावरणावरून तो काढावा लागला नसता.

आता जगजाहीर घटनेची कसोटी लावू. ‘धूमकेतू’ या कथेत पृथ्वीवर आदळू शकणाऱ्या धूमकेतूची बातमी जगापासून दडवली जाते. त्यामुळे ती इतर कुठल्याही कथेशेजारी नांदू शकते, कारण बाकीच्या पात्रांना काही कळलेलंच नसणार. याउलट मुंबईत बर्फ पडतं ती हिमयुगाची गोष्ट घ्या, इंग्रजीत ती ‘द आइस एज कमेथ’ नावानं आली. मुंबईच्या रस्त्यावर बर्फ पडलं हे कुणापासून लपवणार? त्यानंतरच्या सालातल्या कुठल्याही कथेत एकही माणूस त्याबद्दल चकार शब्द काढत नसेल, तर ती कथा त्या जगातली नाही. अशी एक जगजाहीर घटना पाच-सहा कथांना एका झटक्यात बाहेर काढते. तुमच्या थिअरीची पहिली परीक्षा इथे आहे.

गंगाधरपंतांविषयी. अकरावीच्या एनसीईआरटी पुस्तकातलं ‘द ॲडव्हेंचर’ हे तिचं इंग्रजी रूप पुष्कळांना पाठ असेल. ती मुळातच दोन जगांची कथा आहे. डेक्कन क्वीनपेक्षा वेगानं धावणारी जिजामाता एक्सप्रेस, मुंबईत अजून टिकलेला इंग्रजांचा अंमल, आणि ग्रंथालयात पानिपतावर मराठे जिंकल्याचा इतिहास. पण तो सांधा किती मोजून मापून केलाय बघा. फाटा एकाच ठिकाणी फुटतो: १४ जानेवारी १७६१, विश्वासरावांना लागलेली किंवा कानाजवळून गेलेली गोळी. पलीकडे जातो एकच माणूस, तोही अपघाताच्या क्षणी पानिपताचाच विचार करत असताना. परत येतो तो बखरीचं एक पान खिशात घेऊन, आणि त्या एका पानाखेरीज दुसरा पुरावा नाही. समजावणारे राजेंद्र देशपांडे पुंज यांत्रिकीचा आधार देतात, पण ‘आता काहीही शक्य आहे’ असं म्हणत नाहीत.

तुम्ही मात्र या सांध्याचा फेविकॉल करताय. समांतर विश्वं अमर्याद धरली की बर्फाची मुंबई एका विश्वात, कोरडी दुसऱ्यात, आणि सगळ्यांच्या मध्ये गंगाधरपंत. काहीही कशालाही चिकटतं. जे कशानंच खोटं पडू शकत नाही त्यातून आपल्याला नवं काय कळलं? त्यापेक्षा छोटा प्रश्न घ्या: नारळीकरांच्या कोणत्या दोनच कथा, समांतर विश्वाची मदत न घेता, एका सनावळीत बसतात? हा तक्ता कोणी केला तर आम्हाला जरूर पाठवावा.

आयझॅक असिमोव्ह यांनी रोबॉट आणि फाउंडेशन या मालिका स्वतःच जोडल्या. मग तिथे वादाला जागाच नाही ना? आणि कुठल्या क्रमानं वाचू?
— वाचक, चिंचवड

प्रकाशनाच्या क्रमानं. कथेतल्या कालक्रमानं वाचलं तर जोडणीचं रहस्य आधीच हाती लागतं. (पुढच्या ओळीत ते फुटतंय, नको असेल तर हे उत्तर सोडा.)

फाउंडेशनच्या मूळ कथा १९४२ ते १९५० या काळातल्या. त्यांत रोबॉट औषधालाही नाहीत, आणि रोबॉटकथांत आकाशगंगेचं साम्राज्य नाही. जोडणी १९८०च्या दशकात झाली: ‘फाउंडेशन्स एज’ १९८२, ‘रोबॉट्स अँड एम्पायर’ १९८५, ‘फाउंडेशन अँड अर्थ’ १९८६. एक सांधा उत्तम बसला. १९५०च्या ‘पेबल इन द स्काय’मध्ये पृथ्वी किरणोत्सारी आहे, अणुयुद्धामुळे असेल असं तिथे वाटतं. ‘रोबॉट्स अँड एम्पायर’ तिला वेगळं कारण देतं, आणि त्या कारणामुळेच माणसं पृथ्वी सोडून आकाशगंगेत का पसरली हेही उलगडतं. एका दगडात दोन पक्षी.

दुसरा सांधा महागात पडला. १९५०च्या दशकातला रोबॉट आर. डॅनील ऑलिव्हॉ हा वीस हजार वर्षं पडद्याआडून सगळं हलवत होता, असं शेवटी निघतं. त्यानं मालिका एक झाल्या खऱ्या, पण गणितानं इतिहासाचा अंदाज बांधणारा हॅरी सेल्डन त्यामुळे हाताखालचा कारकून होतो. वस्तुस्थिती म्हणून लेखकाचा शब्द अखेरचा. जोडणी चांगली झाली की नाही, तो निकाल वाचकाचा, आणि आमचा निकाल अर्धा अर्धा आहे.

अशी थिअरी कथेच्या रूपात लिहून छापली तर कायद्याचा त्रास होईल का?
— लेखिका, सिंहगड रस्ता

थिअरी म्हणजे समीक्षा. समीक्षेसाठी वाजवी प्रमाणात उतारा देण्याची मुभा कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये आहे. दुसऱ्याची पात्रं घेऊन नवी कथा छापणं वेगळं, त्याला परवानगी हवी. आपल्याकडे हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं चालतो. नारळीकर मे २०२५मध्ये गेले, त्यांच्या कथांचा हक्क २०८५ संपेपर्यंत. असिमोव्ह (मृत्यू १९९२) २०५२ संपेपर्यंत. व्हर्न (१९०५) आणि एच. जी. वेल्स (१९४६) आता खुले आहेत. फसगत होते ती भाषांतरात. मूळ व्हर्न खुला असला तरी मराठी अनुवादाचा हक्क अनुवादकाचा असतो आणि तो वेगळा मोजावा लागतो. मूळ फ्रेंच किंवा जुन्या इंग्रजीवरून स्वतः काम केलंत तर प्रश्न नाही. निमो घ्या, तो आपलाच आहे, निदान १८७४पासून.

नववीच्या मुलांसाठी दोन तासांत होईल असा एखादा सराव सुचवा. लांबलचक कादंबऱ्या नकोत.
— शिक्षिका, हडपसर

वेल्सची ‘द क्रिस्टल एग’ (१८९७) ही छोटी कथा आणि ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मधलं मंगळवासीयांच्या शरीराचं वर्णन करणारं एकच प्रकरण घ्या. दोन्ही एकाच वर्षी मासिकांत आल्या. कथा मुलांना आधी मराठीतून सांगा, उतारे मात्र मूळचे वाचून दाखवा.

लंडनच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात स्फटिकाचं अंडं असतं. ठरावीक कोनातून, अंधारात पाहिलं की आत दुसरा प्रदेश दिसतो. तो मंगळ आहे हे कथेत कसं ओळखलं, इथून सुरुवात करा. आकाशात दोन छोटे चंद्र आहेत. मंगळाचे चंद्र १८७७मध्ये सापडले, म्हणजे तेव्हा ती वीस वर्षांपूर्वीची ताजी बातमी होती.

मग फळ्यावर दोन रकाने. अंड्यातल्या प्राण्यांना तोंडाखाली तंतूंची दोन जुडगी. कादंबरीतल्यांना सोळा तंतू, आठ-आठच्या दोन जुडग्यांत. जुळलं. अंड्यात पांढरट, अर्धपारदर्शक, दोन पायांचे प्राणी आहेत आणि मंगळवासी त्यांतल्या एकाला पकडतो. कादंबरीत मंगळवासी खाण्यासाठी ठिसूळ हाडांचे दोन पायांचे प्राणी यानातून बरोबर आणतात. हे फारच जुळलं, आणि हा दुवा बहुतेक मोठ्या माणसांच्याही नजरेतून सुटतो. आता नाडी: अंड्यातल्यांना पंख आहेत, कादंबरीतल्यांना नाहीत.

पंखांचा प्रश्न दुसऱ्या तासाच्या शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी राखून ठेवा. कथेत पंखांचं वर्णन पक्ष्यासारखं नाही, वटवाघळासारखंही नाही. शरीरातून निघालेल्या वाकड्या फासळ्यांवर ताणलेले, असं आहे. ते अवयव की चढवायची यंत्रं? मुलांना ओळीवर बोट ठेवूनच बोलू द्या. ‘मला वाटतं’ला अर्धा गुण, पान दाखवलं तर पूर्ण.